वर्ष सरेपर्यंत टीव्ही झाकलेलाच ठेवावा का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. अडीच महिने मी इकडे फिरकले नाही, तेव्हा दोघातिघांनी निरोप पाठवून विचारपूस केली, त्याबद्दल आभार. माझे सासरे पौषात गेले. वय शहाऐंशी होते, आजारपण फार लांबले नाही आणि शेवटच्या रात्रीपर्यंत ते बोलत होते. ज्या अण्णांचे शेरे मी दर आठवड्याला इथे लिहीत असे आणि तुम्ही हसत असा, तेच हे अण्णा.

प्रश्न टीव्हीचा आहे, आणि तो क्षुल्लक वाटला तरी गेले कित्येक दिवस मला सुटलेला नाही. तेराव्याला दुखवट्याचे जे टॉवेल आले होते, त्यांतला एक आत्याबाईंनी उचलून टीव्हीवर टाकला आणि "आता वर्षश्राद्धापर्यंत हा असाच राहू दे" असे सांगून त्या कऱ्हाडला परत गेल्या. त्या वयाने मोठ्या आहेत आणि त्यांचा सख्खा भाऊ गेलेला आहे, त्यामुळे कोणी काही बोलले नाही. यंदा गुढीही उभारली नाही. त्याचे मला काही वाटले नाही, कारण सण धरायचे नाहीत हे आम्ही मनाने मानलेले आहे.

मात्र संध्याकाळी सात वाजले की सासूबाई हातातले काम ठेवून, देवापाशी दिवा लावून, आपल्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसतात. शेजारची अण्णांची खुर्ची रिकामी असते, आणि समोर निळ्या काठांचा टॉवेल टाकलेला टीव्ही असतो. साडेआठपर्यंत त्या तशाच बसून असतात. जप करत नाहीत, पोथी वाचत नाहीत, रडतही नाहीत. अण्णांनी रिमोटला धूळ लागू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबर लावले होते. तो रिमोट त्यांच्या खुर्चीच्या हातावर जसा होता तसाच आहे, आणि केर काढताना मी तो उचलून पुसते व पुन्हा तिथेच ठेवते.

अण्णांचा रेडिओही बंदच आहे. सकाळी सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागल्या की आमचे घर उठत असे. अण्णांना संस्कृत मुळीच येत नव्हते, पण पाच मिनिटे ते असे मान डोलवत ऐकत, की जणू दिल्लीत काय चालले आहे ते त्यांना प्राकृतात समजूच शकले नसते. आता आम्ही गजर लावून उठतो.

यजमानांचे म्हणणे असे, की आईला हवे असेल तर ती मागेल. मला वाटते की ती कधीच मागणार नाही, कारण मागितले तर लोक काय म्हणतील यापेक्षा स्वतःलाच स्वतःचे काय वाटेल, ही भीती मोठी असावी. मग मी आपण होऊन टॉवेल काढावा, की त्यांनी जे मनाशी धरले आहे त्यात हात घालू नये? शास्त्र काय सांगते, आणि तुमच्या घरी प्रत्यक्षात काय झाले, ही दोन्ही उत्तरे मला हवी आहेत.

जुनी चाळ (मुंबई)

अण्णा गेल्याचे वाचून फार वाईट वाटले. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, तरी मालिकेतल्या खलनायिकेला "हिला आधी रेशनच्या रांगेत उभी करा" म्हणणारे अण्णा माझ्याही घरातले झाले होते.

आमच्या लहानपणी गिरगावातल्या चाळीत नियम घराला नसे, मजल्याला असे. एका खोलीत कोणी गेले, की तेरा दिवस त्या मजल्यावरचे सगळे रेडिओ कानाला लावून ऐकण्याइतके हळू होत. कोणी बजावून सांगत नसे. ज्यांच्याकडे दुःख झाले त्यांची चूल पेटत नसे, म्हणून पिठले-भात शेजारून जाई, आणि आवाजाचेही तसेच होते. चौदाव्या दिवशी मात्र माझी आजी मुद्दाम आपला रेडिओ मोठ्याने लावत असे. त्या घरच्यांना आपण होऊन पहिला आवाज करायला संकोच वाटतो, तेव्हा तो शेजाऱ्यांनी करायचा असतो, असे ती म्हणत असे.

मोठा पुढारी गेला की आकाशवाणीवर कार्यक्रम रद्द होऊन सारंगी नाहीतर सनई सुरू होई, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सकाळी सारंगी लागली की आमचे वडील बातमी कळायच्या आधीच "कोण गेलं?" असे विचारत. पण सरकारी दुखवट्याचेही दिवस मोजलेले असत, आणि ते संपले की विविध भारती पुन्हा आपल्या गाण्यांवर येई. सरकारला जे कळते ते आत्याबाईंना कळू नये याचे आश्चर्य वाटते. (हे त्यांना सांगू नये.)

माझे मत विचाराल तर टॉवेल काढावा, आणि तो शेजारणीकडून काढवून घ्यावा.

हौशी नट (कोल्हापूर)

सांगलीसारख्या नाट्यपंढरीत हा प्रश्न पडावा, हे थोडे नवल आहे. आमच्या क्षेत्रात याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले आणि गायले. क्रिकेटचे उदाहरण तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घडले आहे. १९ मे १९९९ रोजी सचिन तेंडुलकरचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर, गेले. विश्वचषक स्पर्धा सोडून तो मुंबईला आला, आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढून त्याने आभाळाकडे पाहिले. ज्यांचे स्वतःचे माणूस गेले ते लोकांसाठी उभे राहतात, मग आपण नुसते बसून पाहायला कसली हरकत?

आमच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या संघातही एकाची आई प्रयोगाच्या चार दिवस आधी गेली होती. तो केस उतरवलेल्या डोक्याने आला आणि आम्ही त्याच्या पात्राला फेटा दिला. प्रयोग चांगला झाला.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही आभार. पण नटराज, तुमची उदाहरणे मला लागू पडत नाहीत. बालगंधर्वांपुढे भरलेले थिएटर होते आणि सचिनपुढे संघ होता. त्यांना कोणाचे तरी देणे होते आणि ते त्यांनी फेडले, म्हणून आपण त्यांना मान देतो. सासूबाईंना टीव्ही पाहून कोणाचे देणे फेडायचे आहे? पाहणाऱ्याच्या वाट्याला फक्त करमणूक येते, आणि बहुधा तीच त्यांना बोचत असावी. उभे राहून काम करायचे असते तर त्यांनी ते केव्हाच केले असते. तेराव्याच्या स्वयंपाकाला आचारी लावू नका, असे सांगणारी बाई आहे ती.

कुकडीकाठ (जुन्नर)

आमच्याकडे गावाला कोणी गेले की रोज रात्री भजन असते. टाळ-मृदंग घेऊन माळकरी मंडळी येतात, हरिपाठ होतो, आणि दशक्रियेला नदीकाठी प्रवचन ठेवलेले असते. त्यानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे होतात. त्यांत गेलेल्या माणसापेक्षा भाषण करणाऱ्याचीच माहिती अधिक असते, आणि कावळा शिवायची वाट पाहणारे घरचे लोक तिकडे पिंडापाशी ताटकळत असतात. असो. सांगायचे हे, की दुःखाच्या घरात सूर नको असतो, ही समजूत सगळीकडची नाही. माझ्या वडिलांच्या वेळी दहा रात्री घरात इतका आवाज होता, की खरे एकटेपण अकराव्या रात्री आले. मंडळी गेली, सतरंजी गुंडाळली आणि आई म्हणाली, "आता भिंतीसुद्धा बोलत नाहीत." त्या दिवशी मी टीव्ही लावला. ती पाहत नव्हती, नुसती त्या उजेडात बसली होती, आणि बातम्या चालू असतानाच तिला खुर्चीत झोप लागली. दहा दिवसांतली ती तिची पहिली सलग झोप होती.

निवृत्त संस्कृत शिक्षक (सातारा)

शास्त्राविषयी विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अशौच (सुतक) सपिंडांना, म्हणजे जवळच्या भाऊबंदांना, दहा दिवसांचे. बाराव्याला सपिंडीकरण झाले की प्रेताचा पितर होतो, आणि तेराव्याला गोड जेवण करून घर पुन्हा व्यवहारात येते. त्यापुढे वर्षभर मासिक श्राद्धे आणि शेवटी वर्षश्राद्ध. या वर्षात मंगलकार्ये व सण टाळण्याची रूढी आहे. अनेक घरांत ठरलेले लग्न मात्र वर्षाच्या आतच उरकून घेतात, म्हणजे रूढीलाही सोय कळते. आत्याबाईंनी जे सांगितले ते या रूढीचे ताणलेले रूप आहे. करमणूक वर्षभर वर्ज्य आहे, असे मी जे थोडेफार वाचले त्यात मला आढळलेले नाही.

उलट जे आढळते ते आपल्याला कोणी सांगत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अशौचाचे प्रकरण आहे. त्यात दहनानंतरचा प्रसंग असा येतो, की मृताला पाणी देऊन, स्नान करून लोक नदीतून वर आले आहेत आणि कोवळ्या हिरवळीवर बसले आहेत. त्या वेळी काय करावे? तर जुन्या कथा सांगून त्यांचे दुःख हलके करावे. पुढे मनुष्यजन्म केळीच्या खांबासारखा पोकळ आणि पाण्याच्या बुडबुड्यासारखा आहे, असा उपदेश येतो. रडू नये, कारण आप्तांचे अश्रू मृताला नाइलाजाने गिळावे लागतात, असेही म्हटले आहे. मग घरी परतताना दारात कडुनिंबाची पाने चावायची. ही पाने आपण अजून चावतो, कारण तोंड कडू झाले की विधी केल्यासारखे वाटते. हिरवळीवरची गोष्ट मात्र आपण विसरलो.

यात माझ्या मनात राहिला तो क्रम. अजून घरी पोहोचायचे आहे, दहाव्या-बाराव्याचा पत्ता नाही, अंगावरचे कपडे ओले आहेत, आणि स्मृतिकार आधी गोष्ट सांगायला बसवतो. ती बोधपर असावी हे खरे, पण गोष्टच. आता मालिका ही 'जुनी कथा' ठरते का, असे कोणी विचारील. ज्या गतीने त्या चालतात ते पाहता काही वर्षांत नक्की ठरेल. पण एक फरक मी गंभीरपणे नोंदवतो. तिथे गोष्ट सांगणारा माणूस शेजारी बसलेला आहे, त्याचेही केस ओले आहेत, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले तर त्याला थांबता येते. टीव्हीला थांबता येत नाही.

अश्दोदकर (इस्राएल)

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबा अलिबागकडचे, आणि घरात अजून मराठी बोलतो. आमच्याकडे हा हिशेब अगदी आखून दिलेला आहे, म्हणून सांगतो. दफनानंतर सात दिवस घरच्यांनी जमिनीलगत बसायचे, बाहेर जायचे नाही, आणि पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणायचे. चाळीच्या पिठल्याची आठवण वाचून म्हणूनच बरे वाटले. नंतर तीस दिवसांचा टप्पा असतो. नवरा, बायको, भाऊ, बहीण, मूल यांच्यासाठी दुखवटा तिथे संपतो. आईवडिलांसाठी मात्र बारा महिने गाणेबजावणे आणि समारंभ वर्ज्य असतात. म्हणजे आमच्या नियमाने पाहिले तर आत्याबाईंचे वर्ष मुलांना लागू पडते, पत्नीला नाही. कृष्णाकाठताई, रागावू नका, पण तुमच्या घरी वर्ष पाळायचे असेल तर ते तुमच्या यजमानांनी पाळायचे आहे.

आजी वारली तेव्हा आम्ही दिमोनाला राहत होतो. आईने बारा महिने कॅसेट लावली नाही. आमच्या हिब्रू पंचांगात तुमच्या अधिकासारखा एक जादा महिना काही वर्षी येतो, आणि ते वर्ष नेमके तसे निघाले. वर्ष तेरा महिन्यांचे झाले तरी दुखवटा बाराच महिन्यांचा, कारण त्याहून एक दिवसही जास्त धरायचा नसतो. आईला तेरावा महिनाही पाळायचा होता. वडिलांनी तिला सांगितले, की हा तुझ्या आईच्या वाट्याचा नाही. बारा महिने पुरे झाले त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः टेपरेकॉर्डर पुसून टेबलावर ठेवला आणि ते अंगणात जाऊन बसले. आईने कॅसेट लावायला आणखी तासभर घेतला. तोवर ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती, आणि ते तिचे तिला कळत नव्हते.

जुनी चाळ (मुंबई)

शास्त्रीबुवा, टीव्हीला थांबता येत नाही हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. माझ्या आजीचा रेडिओही थांबत नसे, पण ती त्या वेळी दारात उभी असे आणि समोरच्या दाराकडे पाहत असे. हे इतक्या वर्षांनी तुमच्या उत्तरामुळे आठवले.

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, उशीर झाला. तुमची उत्तरे मी चार-पाच वेळा वाचली, आणि अश्दोदकरांचे उत्तर यजमानांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या मोबाइलवरचे क्रिकेट बंद केले आहे. मी असे करा म्हणाले नव्हते.

टॉवेल मी काढला नाही. परवा संध्याकाळी सातला मात्र मी कणीक तशीच झाकून ठेवली आणि सासूबाईंच्या शेजारी मोडा ओढून बसले. अण्णांच्या खुर्चीवर बसायचे धाडस झाले नाही. थोडा वेळ दोघीही त्या टॉवेलकडे पाहत राहिलो. मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले, "आई, लावू का?" त्यांनी मान हलवून नको म्हटले. त्यात राग नव्हता. मग बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "लावू नको. पण त्या थोरल्या सुनेचं काय झालं गं? कागदावर सही केली का तिनं?"

ती सही पौषातली होती. अण्णांना रुग्णालयात नेले त्याच्या आदल्या संध्याकाळच्या भागात सुनेच्या हातात पेन देऊन मालिका थांबली होती, आणि या बाई अडीच महिने तिथेच थांबल्या होत्या. मला ठाऊक नव्हते, कारण मीही त्यानंतर एकही भाग पाहिलेला नव्हता. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून मी मोबाइलवर मागचे भाग पाहायला घेतले. सुनेने सही केली नाही, पेन खाली पडले, आणि ते खाली पडायला मालिकेने तीन भाग घेतले.

काल सातला मी ते सासूबाईंना सांगितले. पाच मिनिटांत संपवले, तर त्यांचे समाधान होईना. त्या म्हणाल्या, "असं नाही. मी मधेच भाजी परतायला उठले की ते मला नंतर सांगायचे ना, ते सगळ्यांचे आवाज काढून सांगायचे." तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की सासूबाई ती मालिका फारशी पाहतच नव्हत्या. निम्मी त्यांनी अण्णांच्या तोंडून ऐकलेली होती, आणि त्यात खलनायिकेला रेशनच्या रांगेत उभी करण्याचा प्रसंग खरोखरच होता, अशी त्यांची अजूनही समजूत आहे.

आवाज मला काढता येत नाहीत. सासऱ्याच्या भूमिकेसाठी घसा खाकरून पाहिला, तेव्हा त्या हसल्या आणि लगेच पदर तोंडावर घेतला. मी थांबले. त्यांनी डोळे पुसले आणि "हं, पुढं?" म्हणून विचारले.

आज दुपारपर्यंत माघ महिन्याच्या मध्यापर्यंत पोहोचले आहे. अजून चाळीसएक भाग पाहायचे आहेत. नटराज, थोरल्या सुनेचा आवाज कसा काढावा, हे तुम्ही कृपया लिहून कळवा. ती नाकात बोलते.